एकच कागद

अजून आठवलं की माझं डोकं तापतं. साल अडुसष्ट. वडगावातल्या हनुमंतरावांच्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो. एकेक उलटं अक्षर लावून ओळी करायच्या, पान दोऱ्यानं बांधायचं, मग लोखंडी चौकटीत ठोकून घट्ट बसवायचं. हा झाला फर्मा. तो मशिनवर चढला की छपाई सुरू.

कार्ल्याच्या वरच्या वाडीतली सावित्राबाई हँडबिलं छापून घ्यायला आली होती. लोणावळ्याच्या एका शेटनं वाडीच्या झऱ्याला तारेचं कुंपण घातलं होतं, बंगल्याच्या बागेसाठी. बायका हंडे घेऊन डोंगरापलीकडं जात होत्या. उद्या बाजारादिवशी दुपारी सगळ्यांनी मामलेदार कचेरीवर यावं, एवढंच तिला सांगायचं होतं.

पान बांधून झालं आणि नेमका त्याच शेटचा मुनीम वास्तुशांतीची पत्रिका छापायला आला. टेबलावरचं प्रूफ त्यानं वाचलं. हनुमंतरावांना बाजूला घेऊन काय कुजबुजला कोण जाणे, पण ते येऊन मला म्हणाले, हे पान सोड, खिळे खणात टाक.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाडीला हंडाभर पाणी नाही आणि यांना पत्रिकेची पडली होती! ते मुनिमाला पोचवायला दारापर्यंत गेले, तेवढ्यात मी पान चौकटीत ठोकलं आणि मशिनवर चढवलं. त्यांच्या वडिलांनी एक नेम घालून दिला होता. चढलेला फर्मा न छापता उतरवायचा नाही, अपशकुन होतो. हनुमंतराव बाकी काही पाळोत न पाळोत, एवढं पाळायचे.

ते परत आले, मशिनकडं पाहिलं. मला वाटलं, जिंकलो.

"एक कागद लाव," ते म्हणाले. "एकच. मग उतरव."

वडिलांचा नेमही राखला आणि शेटची मर्जीही. हातातली हातोडी मी कशी आवरली ते माझं मला ठाऊक. तो कागद सावित्राबाईला देताना मान वर करवली नाही. बाकीचे कुठं, म्हणून तिनं विचारलं. एवढाच, म्हणालो. ती शाई वाळेपर्यंत पायरीवर बसली आणि निघून गेली. मी दातओठ खात पत्रिका जुळवली.

दुसऱ्या दिवशी ती बाजाराच्या तोंडाशीच उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. दिसेल त्या शिकल्यासवरल्या माणसापुढं कागद धरायची आणि मोठ्यानं वाचायला लावायची. मास्तरांनी वाचलं, एसटीच्या कंडक्टरनं वाचलं. ऐकायला माणसं थांबत गेली, भोवती ही गर्दी झाली. तेवढ्यात हनुमंतराव आणि मुनीम पत्रिकांचा गठ्ठा घेऊन तिथून निघाले. ती वाटेत आडवी झाली.

"भाऊ, तुमच्याच मशिनीवरचं हाय. वाचा."

मुनीम बघत होता, अख्खा बाजार बघत होता. हनुमंतरावांनी कागद घेतला आणि पुटपुटत सुरुवात केली.

"आसं न्हाई," सावित्राबाई म्हणाली. "योकच कागद दिलाय तुमी. पार मागच्याला बी ऐकू गेलं पायजे."

हनुमंतरावांनी घसा खाकरला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.