कडुनिंबाच्या धुरीची कढई

मी एक जुनी, एका कानाची लोखंडी कढई आहे. हसू नका मित्रांनो! माझ्याही नशिबी कधीकाळी दोन कान होते, आणि तेही चांगले जाडजूड.

लोहारानं मला ठोकून ठोकून घडवलं आणि गिरडच्या जत्रेत विकायला मांडलं. ओमप्रकाश नावाच्या शेतकऱ्यानं मला बोटानं वाजवून पाहिलं आणि आपल्या नव्या नवरीसाठी घरी आणलं. नवरीचं नाव विमला. मला बघून ती म्हणाली, "अवो माय! हे त गावजेवणाची कढई हाये. आपल्या दोघायले एवढी कायले?" पण लवकरच तिची तक्रार बंद झाली. सणावाराला माझ्यात सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळल्या जात आणि त्या वासानं शेजारीपाजारी काहीतरी निमित्त काढून डोकावत. पुढे धाकट्या दिराच्या लग्नात नत्थू आचाऱ्यानं मला दगडी फरशीवर आपटलं आणि माझा एक कान तुटला. उकळतं तेल एका कानानं कोण उचलणार? झालं, तळणीतून माझी सुट्टी झाली.

पण विमलाबाईंनी मला अडगळीत टाकलं नाही. त्या वर्षी श्रावणात डासांनी नुसता उच्छाद मांडला होता. गोठ्यातली गाय रात्रभर शेपटी आपटायची आणि पाळण्यातला त्यांचा मुलगा धनंजय रडून रडून लाल व्हायचा. मग विमलाबाईंनी चुलीतले निखारे माझ्या पोटात घातले. त्यावर वाळलेला कडुनिंबाचा पाला, निर्गुडीची पानं, लसणाची सालं आणि गोवरीचा तुकडा टाकला. असा धूर निघाला म्हणता! फडक्यात माझा उरलेला कान धरून त्या घरभर फिरल्या, मग गोठ्यात गेल्या. गाय शांत झाली. पोरगं झोपलं.

तेव्हापासून तिन्हीसांजेला दिवा लागला, की माझा नंबर. पाला कडुनिंबाच्या सावलीतच वाळवायचा, ही विमलाबाईंची शिस्त. ओला पाला कुणी टाकला, तर त्याचा उद्धार ठरलेला. शेजारणी माझ्यातले निखारे मागून न्यायच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली रोगराई वेशीबाहेर न्यायला मारबत नावाच्या पुतळ्याची मिरवणूक निघायची. "मच्छर-ढेकूण घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडत पोरं धावायची. विमलाबाई हसून म्हणायच्या, "मारबत वर्षातून एकडाव येते. रोजची मारबत म्हणजे माही कढई." ते ऐकून मी काळीकुट्ट असूनही खुलायची. काय दिवस होते ते, मित्रांनो! आजही कुठे कडुनिंबाचा पाला जळाला, की मला तो गोठा आठवतो.

ओमप्रकाश गेले. धनंजयला वर्ध्याला नोकरी लागली आणि तिथेच नालवाडीत घर झालं. विमलाबाईंनी भांडी वाटून टाकली, पण मला मात्र पोत्यात गुंडाळून सोबत आणलं. इथे चूल नव्हती. तरी त्या अंगणात गोवरी पेटवून घरभर धुरी फिरवायच्याच. सून अंकितानं काही दिवस सोसलं. मग एकदा खोकत खोकत म्हणाली, "आई, या धुरानं जीव कासावीस होते माहा. आपण मच्छराची मशीन लावू ना." तिचंही खरं होतं. गावाकडच्या कौलातून निघून जाणारा धूर या बंद खोल्यांत कोंडायचा.

विमलाबाईंनी धुरी बंद केली. मला मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ ठेवलं. अंकिता मला पालथी घालू लागली तेव्हा मात्र त्या कडाडल्या, "पालथी नको घालू वं! भरल्या घरात कढई पालथी घालत नाई, अपशकुन असते!"

मी उताणीच राहिले. पावसाळा आला. माझ्या पोटात पाणी साचलं. आणि मग त्या पाण्यात काहीतरी वळवळू लागलं. मित्रांनो, ज्यांना मी जन्मभर हाकललं, त्यांचीच पिल्लं माझ्या पोटात वाढत होती! मला ओरडायचं होतं. पण लोखंडाला तोंड कुठे असतं?

एका सकाळी विमलाबाई तापानं फणफणल्या. डेंग्यू निघाला. रक्तातल्या पेशी भराभर कमी होऊ लागल्या आणि धनंजयनं त्यांना दवाखान्यात हलवलं. जाताना त्यांना धड उभंही राहता येत नव्हतं. मागून आशा कार्यकर्त्या सुलोचनाताई घर तपासायला आल्या. त्यांनी माझ्यात बॅटरी मारली आणि म्हणाल्या, "हे पाहा, अळ्या! मच्छर बाहेरून नाई आले बाई, घरातच पैदा होऊन राह्यलेत."

अंकितानं ते पाणी उन्हानं तापलेल्या मातीवर भिरकावलं आणि मला घासून घासून कोरडं केलं. घासताना ती रडत होती. त्या दिवसांत मी देवाकडे एकच मागितलं, बाईंना परत आण, मग मला भट्टीत घाल.

बाई परत आल्या, पण निम्म्या होऊन. धनंजयनं रागानं मला उचललं. "हे आत्ताच भंगारवाल्याले देतो."

"ठेव खाली," विमलाबाई पायरीवर टेकत म्हणाल्या. "पालथी घालू नको म्हणणारी मी. तिच्यावर काऊन राग काढतं?" मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "धूर नाई करत आता. थोडं खोबरेल तेल आण वं, अन् कडुनिंबाचा पाला. मच्छर चावू नाई म्हणून अंगाले लावाचं तेल करू."

किती वर्षांनी मी पुन्हा तेल पाहिलं! मंद आचेवर पाला कुरकुरीत झाला, तेल हिरवं झालं. कोमट झाल्यावर फडक्यातून गाळून अंकितानं त्यात कापूर विरघळवला. मच्छरदाणी तर बांधली होतीच. तरी तिनं ते तेल सुयांनी काळ्यानिळ्या झालेल्या सासूच्या हातांना हळूहळू चोळलं. विमलाबाईंचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, मला वापराच, असा माझा हट्ट नाही. जुन्या वस्तू मागे पडायच्याच. पण आठवड्यातून एकदा घरामागे चक्कर मारा. फुटका डबा, कुंडीखालची बशी, पडलेलं टायर, सगळ्यातलं पाणी ओतून टाका. जी वस्तू जन्मभर तुमच्यासाठी राबली, तिच्या हातून तुमच्याच माणसाचा जीव जाऊ देऊ नका.