शिंगाळ्याच्या तोंडातली पिल्लं

एक सुतळी. तिच्यावर नऊ गाठी, शेवटच्या पाच एकमेकींना चिकटलेल्या.

लालबागच्या चाळीतली जाईबाई टोपलीतला मासा शेपटीला धरून म्हणते, "याला नुसतं डोकंच. पोट समुद्रात ठेवून आला काय?"

शेळीचं दूध, त्यात निम्मं पाणी.

करवंदाएवढं पिवळं अंडं, आणि आतून बघणारे दोन काळे ठिपके.

१८९४. भाद्रपद.

सखुबाई वरळीहून चालत आली तेव्हा कुशाबा दादरच्या किनाऱ्यावर भावाच्या होडीतली मासळी निवडत होता. शेजारी दोन वल्ह्यांना बांधलेल्या झोळीत त्याची पोर, ललिता. आषाढात त्याची बायको लक्ष्मी बाळंतज्वरानं गेली. पोर तेव्हा नऊ दिवसांची होती. लक्ष्मीची आई म्हणून सखुबाई त्याच दिवशी नात न्यायला निघाली होती. घरी तिच्या सुनेच्या, शेवंताच्या, अंगावर दूध होतं. कुशाबा नाही म्हणाला. बोळ्यानं पाजीन म्हणाला. तेव्हापासून दर सोमवारी तो जाळ्याची सुतळी पोरीच्या डोक्यापासून टाचेपर्यंत धरायचा आणि टाचेशी गाठ मारायचा.

सखुबाईनं आल्या आल्या सुतळी मागितली. गाठींवरून अंगठा फिरवला. शेवटच्या पाच एकाच अंगठ्याखाली मावल्या; पाच आठवडे पोर वाढलीच नव्हती. ढिगातला एक शिंगाळा उचलून म्हणाली की असले हडकुळे नर आता टोपलीत घालू नकोस, काल लालबागला विकायला गेले तर त्या जाईबाईनं अख्ख्या चाळीसमोर माझं हसं केलं.

कुशाबानं तो मासा तिच्या हातून घेतला. जबडा दाबला तशी तोंडातून पिल्लं ओघळली. सात, आठ. बोटाच्या पेराएवढी, प्रत्येकाच्या पोटाखाली पिवळी पिशवी.

"बघ मामी. मादी अंडी घालून जाते. हा दोन महिने तोंडात धरून फिरतो. खात नाय, काय नाय. बाप्याचीच जात हाय ना?"

सखुबाईनं तीस वर्षं शिंगाळे कापले होते. ती वाळूवर बसली. एक पिल्लू तळहातावर घेतलं.

"मग सोडतो कवा?"

"ही पिशवी पोटात जिरली की."

"का सोडतो?"

"मग त्यांना खायाला लागतं. आन् याच्या तोंडात..."

कुशाबानं झोळीकडे पाहिलं.

दोन महिने सखुबाईनं त्याला चारचौघांत बाईमाणूस म्हटलं होतं, लुगडं आणून देऊ का म्हणून विचारलं होतं. आज तिनं त्याचं वाक्य पुरं केलं नाही.

कुशाबानं वाळूनं हात घासले, धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. मग पोरीला झोळीतून उचललं. ती पहिल्या रडण्याला भुकेली नसते, दुसऱ्याला असते, हे त्यानं सखुबाईला सांगितलं. उजव्या कुशीवर ठेवलं की दूध ओकते. झोपताना तिला काहीतरी मुठीत लागतं, चिंधी चालते. पाच पोरं वाढवलेली सखुबाई हे सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलवत होती.

"वरळी लांब नाय," ती म्हणाली.

"नाय."

"येत जा."

तिनं पोरीला पदरात बांधून घेतलं आणि किनाऱ्यानं चालू लागली. टोपली तिथंच राहिली. लालबागला त्या दिवशी मासळी गेली नाही. कुशाबानं झोळी सोडली, वल्ही मोकळी केली, आणि ती घेऊन कुठं जावं हे न सुचल्यासारखा जरा वेळ उभा राहिला.

श्रावणात, नारळी पौर्णिमेलाच दादरच्या सगळ्या होड्या पाण्यात गेल्या होत्या. कुशाबाची तेवढी अजून वाळूवर होती.