निळे कागद

पुस्तकावरून मालिका करायची म्हणजे भरल्या घराचं सामान दोन खोल्यांत हलवण्यासारखं असतं. कपाट दारातून जात नाही म्हणून त्याचे पाय कापायचे, आजोबांची आरामखुर्ची गुपचूप कुणाच्या तरी गळ्यात मारायची, आणि मालकाला मात्र तोंड भरून सांगायचं, की काही काळजी करू नका, सगळं जसंच्या तसं लावलंय. हे काम करता करता धाकटीचे केस पिकले होते. लेखक मंडळी तिच्यापुढे रडत, रुसत, शाप देत. एका कादंबरीकारानं तर नायिकेचा कुत्रा गाळला म्हणून तिच्या टेबलावरचा चहा उचलून खिडकीबाहेर भिरकावला, आणि तो खाली उभ्या असलेल्या निर्मात्याच्या टकलावर पडला. कुत्रा काही परत आला नाही. कादंबरीकारही आला नाही. मालिका मात्र ठरल्या दिवशी पडद्यावर आली.

पण यंदाचं सामान दुसऱ्या कुणाचं नव्हतं, तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं होतं. थोरलीची ही पुस्तकं वाचत एक अख्खी पिढी शाळेतून कॉलेजात गेली होती. दोन बहिणी, माळ्यावरची लाकडी पेटी, आणि पेटीच्या तळातून उतरत जाणारं एक शहर, जिथे कुणाचीच सावली पडत नाही. धाकटी बहीण लपाछपीत स्वतःच त्या पेटीत जाऊन लपते, झाकण आपोआप पडतं आणि ती हरवते. आणि थोरली तिला शोधत पुस्तकामागून पुस्तकं त्या शहरात वणवण फिरते. किती ती माया! पोरी उशीत तोंड खुपसून रडत असत. मालिकेचं ठरलं तेव्हा पटकथा कुणाला द्यायची यावर थोरलीनं एवढंच सांगितलं, "माझ्या धाकटीला द्या. तिच्याइतकं हे कुणालाच ठाऊक नाही."

ते मात्र खरं होतं. पेटी होती, घड्या घातलेल्या पांघरुणांची. लपाछपी चालली होती आणि धाकटी त्यात लपली होती, इथपर्यंत सगळं पुस्तकासारखंच. पण झाकण आपोआप पडलं नव्हतं. ते वरून लोटलं गेलं होतं, कडी लागल्याचा आवाज तिनं ऐकला होता, आणि संध्याकाळी घरभर शोधाशोध झाली तेव्हा थोरलीनं डोळे मोठे करून सांगितलं होतं, की मला काय माहीत, तीच कुठेतरी जाऊन बसली असेल. बाहेर काढल्यावर धाकटी कितीतरी दिवस बोलली नाही. आणि त्यानंतर आईनं तिला कधी कुशीत घेऊन झोपवलं नाही. आईच्या कानाला लागून थोरली काहीबाही सांगायची. काय, ते धाकटीला कधी कळलं नाही, पण आपण खोलीत शिरलो की दोघी गप्प होतात, हे कळण्याइतकी ती मोठी होती. आता आई गेली होती. राहिली होती ती फक्त ही बहीण, तिचे हारतुरे आणि तिचं ते मायेचं पुस्तक. एकदा, फक्त एकदा, सगळ्या जगासमोर तिचा हात त्या झाकणावर दिसायला हवा होता. काम स्वीकारताना धाकटीच्या मनात दुसरं काहीही नव्हतं.

मालिकेच्या कचेरीची एक पद्धत होती. पुस्तकातून घेतलेला प्रसंग पांढऱ्या कागदावर उतरवायचा आणि नव्यानं रचलेला निळ्यावर. पांढऱ्याला कुणाची हरकत नसे. निळ्या कागदावर मात्र मूळ लेखकाची सही लागे. रंग बरोबर आहेत की नाहीत हे बघायला एक बाई नेमली होती, जिला ही पुस्तकं शब्दन् शब्द पाठ होती आणि जी प्रत्येक वाक्याला नाक मुरडायची, म्हणून सगळे तिला सासूबाई म्हणत. वयानं ती धाकटीच्या मुलीएवढी होती.

धाकटीनं पहिला निळा कागद लिहिला: थोरली पावलं न वाजवता येते, आत डोकावते, आणि दोन्ही हातांनी झाकण लोटते. सही करताना बहीण पेन कसं पुन्हा पुन्हा खाली ठेवेल, याचं चित्र तिनं मनातल्या मनात कितीदा तरी पाहून घेतलं.

वाचनाच्या दिवशी तो प्रसंग आला तेव्हा पांढऱ्या कागदावर होता.

"हा निळा होता," धाकटी म्हणाली.

"मीच बदलला, मॅडम," सासूबाई म्हणाल्या. "पुस्तकातलाच आहे ना. एक शब्दसुद्धा इकडचा तिकडे नाही. मानलं तुम्हाला!"

दिग्दर्शकानं मान डोलावली. "झाकण लोटते तिथे तर मी लहानपणी पुस्तक फेकून दिलं होतं. मग अर्थात उचललं."

"गंमत करू नका," धाकटी म्हणाली.

सगळे हसले, कारण तिला गंमत आवडत नाही हीसुद्धा कचेरीत एक गंमतच होती.

घरी येऊन तिनं आपली प्रत काढली. ही प्रत तिनं इतक्या रागानं इतक्यांदा वाचली होती, की पानांच्या कडा पेन्सिलीच्या शेऱ्यांनी काळवंडल्या होत्या. 'थोरलीनं आत पाहिलं, आणि दोन्ही हातांनी झाकण लोटलं.' ओळ तिथेच होती, पानाच्या मधोमध, शाई इतर ओळींइतकीच जुनी. आणि तिच्याखाली धाकटीच्याच पेन्सिलीची पुसट झालेली रेघ होती.

तिनं फोन लावला. "ताई, पहिल्या पुस्तकात झाकण कोण लावतं?"

"कोण म्हणजे? मीच लावलं ना गं," थोरली म्हणाली, दूध उतू गेलं हे सांगावं इतक्या सहज. "जेवलीस का?"

ज्या वाक्यासाठी जन्मभर दात-ओठ खाल्ले, ते असं भाजीवर फुकट मिळणाऱ्या कोथिंबिरीसारखं हातात पडलं, आणि धाकटीला उलट फसल्यासारखं झालं. गुन्हा कबूल झाला होता, छापला गेला होता, आणि लोकांनी वाचून वर मायाच केली होती. मग अजून खोल खणायला हवं होतं. तिनं दुसरा निळा कागद लिहिला: आतून ठोठावल्याचे आवाज येतात, थोरली झाकणावर चढून बसते, पाय हलवत बसून राहते, आणि आवाज थांबल्यावरच उठते.

तोही पांढरा होऊन आला. "हे गाळू नका हं कुठेही," दिग्दर्शकानं वर बजावलं. "पोरं फाडून खातील आपल्याला."

आता तिच्याजवळ एकच गोष्ट उरली होती, जी तिनं नवऱ्याला सांगितली नव्हती, डॉक्टरांना सांगितली नव्हती, आईला तर नाहीच. पेटीत ती एकटी नव्हती. पांघरुणांच्या तळाशी आणखी कुणीतरी श्वास घेत होतं, शांत, सवयीचा. आणि ठोठावून हात दुखले तेव्हा त्या श्वासाकडे तोंड करून ती म्हणाली होती, की मला बाहेर जाऊ दे, आणि ताईला जन्मभर रडव. तिनं ते जसंच्या तसं निळ्या कागदावर उतरवलं. लिहून झाल्यावर तिला फार बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी पाठीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं.

सासूबाईंनी कागद वाचला, खणातून पांढरा काढला आणि टंकायला लागल्या.

"थांबा," धाकटी म्हणाली. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"शेवटच्या. मग पुढचंही घ्यायचं ना?"

"पुढचं काय?"

"मॅडम, परीक्षा घेताय का माझी?" सासूबाई हसल्या. "झाकण उघडतं, पोर बाहेर येते, घरचे तिला उराशी धरतात. आणि आईला तेव्हाच कळतं. ती धाकटी नसतेच ना! धाकटी आतच राहिलेली असते. नाहीतर थोरली इतकी पुस्तकं शोधत कुणाला फिरली असती?"

धाकटीनं खुर्ची ओढली, बसली, आणि सासूबाईंच्याच टेबलावर एक निळा कागद पुढ्यात घेतला. वळणदार लिहिणारी बाई ती, पण त्या दिवशी अक्षर वेडंवाकडं आलं. 'पेटीतून बाहेर येते ती धाकटीच असते. तीच. दुसरी कुणी नाही.' एवढंच. सासूबाईंनी तो वाचला, बराच वेळ आठवून पाहिलं, आणि पांढऱ्या कागदाकडे हात नेला नाही.

"हे मात्र नवीन आहे," त्या म्हणाल्या. "हे कुठेच नाही."

तो कागद निळाच राहिला, आणि सहीसाठी थोरलीकडे गेला.

पेटीच्या चित्रीकरणाच्या दिवशी थोरली स्वतः आली. हातात काठी, अंगावर फिकट साडी. सगळे वाकून नमस्कार करत होते आणि ती प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होती. धाकटीच्या खुर्चीपाशी आल्यावर तिनं पिशवीतून निळा कागद काढून तिच्या हातात दिला. सहीची जागा कोरी होती.

"सही का नाही केलीस, ताई?"

"खोटं आहे म्हणून."

"ताई, मी आहे गं."

"इतकी वर्षं ताई म्हणवून घेतलं तुझ्याकडून," थोरली म्हणाली. आवाज मऊ होता, लोकांनी ऐकला तर दोघी सुखदुःखाचं बोलताहेत असं वाटावं असा. "आई होती तोवर गप्प बसले. डोळ्यांदेखत निदान कुणीतरी वाढतंय, तेवढाच तिला आधार होता. आता मला कुणाची भीड नाही. आणि आत कोण राहिलंय, ते घरोघरच्या पोरांना पाठ झालंय."

दिग्दर्शकानं शांततेची खूण केली. दिवे लागले. पेटीत शिरलेल्या छोट्या नटीनं सांगितल्याप्रमाणे ठोठावलं, मग ती थांबली, आणि झाकण उघडल्यावर घाबऱ्याघुबऱ्या डोळ्यांनी बाहेर आली. इतकं सुंदर केलं पोरीनं, की दिवे सांभाळणाऱ्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. तिची आई तिला पाणी पाजायला घेऊन गेली. थोरली तेवढ्यात पुढे झाली. काठी बाजूला ठेवून ती पेटीपाशी गुडघ्यांवर बसली, आणि रिकाम्या पेटीत खांद्यापर्यंत हात घालून, झोपेतल्या लेकराला उठवावं तशी म्हणाली, "ये गं. चल, ये बाहेर."

धाकटीनं हाक मारायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. थोरलीचा हात हळूहळू वर येत होता, हाताला कुणाचा तरी भार असावा तसा ताणलेला, आणि ती रडत होती, हसत होती. सगळेजण तिकडेच बघत होते. दिव्यांखाली उकाडा फार झाला होता. दिग्दर्शकानं नजर न हलवता अंगातलं जाकीट काढलं आणि मागच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवावं तसं धाकटीच्या मांडीवर ठेवून दिलं.