शिमग्यापर्यंत कुलूप

आमच्या गावाला एक वाईट खोड आहे. मुंबईहून चाकरमानी आल्याशिवाय इथं काही म्हणजे काही होत नाही. देवळाला रंग द्यायचाय? थांबा. विहिरीवर पंप बसवायचाय? थांबा. माझ्या पुतणीचं लग्न ठरलं, नवरामुलगा तयार, आचारी तयार, आणि हे म्हणतात, "मेमध्ये करू, मंडळी येतील." हे म्हणजे माझे यजमान. गावात त्यांना आप्पा म्हणतात, सगळा मान त्यांच्याकडे. घरात मी काय म्हणते ते सांगत नाही.

तर गावाला दवाखाना मंजूर झाला. आमचं गाव पालीपासून बरंच आत, आणि रस्ता असा की गरोदर बाईला नेताना रिक्षावाला देवाचं नाव घेतो. दवाखाना म्हणजे आम्हाला काय होतं, ते आम्हा बायकांना विचारा. जांभ्याची इमारत उभी राहिली. मागे नर्सबाईला राहायला खोली झाली, औषधांचे खोके येऊन पडले. श्रद्धा नावाची नर्सबाईसुद्धा नेमली. पण सगळं तयार झालं तेव्हा गणपती नुकतेच होऊन गेले होते, आणि चाकरमानी परत मुंबईला.

मग काय! आमच्या गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळाचा फोन आला. मंडळाचा सेक्रेटरी आमचाच रितेश, ह्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. बाप लवकर गेला म्हणून आमच्याच घरात वाढला. पोरगा गुणाचा, पण मंडळ म्हटलं की अंगात यायचं त्याच्या. "काका, उद्घाटन शिमग्याला करूया. सगळे असतील, पालखी असेल. पाटीवर नावं कोरायला टाकलीत." झालं. ह्यांनी दवाखान्याला कुलूप घातलं आणि किल्ली आमच्या ओटीवर कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली.

श्रद्धाबाई स्वतः घरी आली होती. "आप्पा, उद्घाटन व्हायचं तेव्हा होऊ दे, मला दार तरी उघडून द्या. कापणी आलीय, विंचू निघतील. मी मागच्या खोलीत राहते."

"बाई, इतकी वर्षं गाव काय मेलं नाय," हे म्हणाले. "शिमग्यापर्यंत दम धरा."

ती बिचारी पलीकडच्या गावात खोली घेऊन राहिली. त्या दिवशी मी ह्यांना विचारलं, "फीत कापल्याशिवाय औषधाला गुण येत नाय काय हो?" मला म्हणाले, तू चूल बघ.

रितेशची बायको दर्शना आणि लेक सानवी आमच्याकडेच असायच्या. सानवी नुकती अंगणवाडीत जायला लागलेली. आगाऊ किती! मला आजी नाही म्हणायची. हे मला 'हौसा' म्हणतात, म्हणून तीपण ओटीवरून ओरडायची, "हौसाऽ, चाय टाक!" मी वरवर रागवायचे. मला ते फार आवडायचं, अजून कानात आहे.

कापणी जोरात होती. खळ्यात भाताचे भारे रचले होते आणि सानवी त्यांच्या सावलीला भातुकली मांडून बसली होती. आम्ही जेवायला बसणार तोच किंचाळली. दर्शना धावली. तांबडा विंचू भाऱ्यात शिरताना तिनं डोळ्यांनी पाहिला.

हे तेव्हा शेतावर होते. मी खिळ्याची किल्ली ओढली, पोरीला कडेवर घेतली आणि दवाखान्याकडे पळाले. कुलूप काढलं. आत नव्या रंगाचा वास, कोरी खाट, भिंतीला लागून खोके. दर्शनानं नखांनी खोके फाडले. गोळ्या निघाल्या, बाटल्या निघाल्या, सुया निघाल्या. त्यातलं विंचवाचं कुठलं? दर्शना बारावी झालेली, तिला नावं वाचता येत होती, पण नुसती नावं वाचून लेकराच्या तोंडात काय घालणार? श्रद्धाबाईला फोन लावला, तर रेंज नाही. सगळं औषध समोर पसरलेलं आणि ते देणारं माणूस डोंगराच्या पलीकडे.

एवढ्यात धोंडूमामा आला मंतर टाकायला. "मेल्या, मंतर राहू दे, आधी रिक्षा बघ!" मी त्याच्यावर ओरडले. गेला बिचारा, घेऊनही आला.

रिक्षात सानवी नुसती आक्रोश करत होती. "हौसा, दुखतंय, हौसा, काढ ना गो." घामानं फ्रॉक भिजला होता आणि हातपाय गार. मी ते चोळत होते. पाली मागे पडली आणि पोर हळूहळू गप झाली. मला वाटलं, उतार पडला. "गप झाली गो," मी दर्शनाला म्हटलं, "झोपू दे जरा." दर्शनानं पदरानं तिला वारा घातला. थोडा वेळ आम्हा दोघींना बरंसुद्धा वाटलं. मग पोरीच्या तोंडाला फेस आला.

हातखंब्याच्या अलीकडेच ती गेली. तरी आम्ही रत्नागिरीपर्यंत नेली. तिथल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिला आणि विचारलं, "जवळपास कुणी नव्हतं का गोळी द्यायला?" आम्ही काय सांगणार? दवाखाना आहे, पण उद्घाटन व्हायचंय, असं?

रितेश आला. लेकीला बघून तो पोर आपलं डोकं भिंतीवर आपटायला लागला, चौघांनी धरला. जमलेल्यांतलं कोणीतरी म्हणालं, देवाची इच्छा. माझं डोकंच फिरलं. "देवाचं नाव घेऊ नका! देवानं औषध पाठवलं होतं, बाई पाठवली होती. कुलूप कोणी घातलं?" हे कोपऱ्यात बसले होते.

दिवस झाले. मंडळाची चार माणसं मुंबईहून आली. ओटीवर बसली, चहा घेतला. मग त्यांतला एक रितेशला म्हणाला, "आम्ही ठरवलंय. दवाखान्याला सानवीचं नाव देऊ. पाटी नवीन करू."

रितेश काही बोलायच्या आत दर्शना आतून बाहेर आली. एरवी ह्यांच्यासमोर तोंड न उघडणारी पोर. "नाव नको," ती म्हणाली. "किल्ली द्या."

हे उठले. त्यांनी परत खिळ्यावर गेलेली किल्ली काढून तिच्या हातात दिली, आणि मग पंचा तोंडावर घेऊन रडले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला दया यायला हवी होती. नाही आली.

त्याच संध्याकाळी श्रद्धाबाई मागच्या खोलीत राहायला आली. ना फीत, ना नारळ. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

शिमगा आला. चाकरमानी आले, ढोल आले. कोरलेली पाटी आमच्या पडवीत उलटी पडली होती, तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. होळीसाठी पोरं लाकडं ओढत होती आणि आमच्या वाडीतल्या दादूच्या नातवाला, समर्थला, ओंडक्याखालचा विंचू डसला. रितेश तिथंच उभा होता. त्यानं पोराला उचललं आणि असा धावला, पायातली चप्पलसुद्धा वाटेत राहिली. दवाखान्याचं दार उघडंच होतं. श्रद्धाबाईनं गोळी दिली, छातीला नळी लावून बसून राहिली, गाडीही बोलावून ठेवली.

मी आणि दर्शना बाहेर पायरीवर बसलो. रितेश दाराची चौकट धरून उभा होता, लेकीच्या वेळी त्याला धावता आलं नव्हतं. आत समर्थनं बोंब मारून दवाखाना डोक्यावर घेतला होता. दादू लाजून त्याला दटावत होता, "गप रे, गप हो बघू. शूर ना तू?"

दर्शना ताडकन उठली.

"दादूमामा, त्याला गप करू नका," ती म्हणाली. "रडू दे. आमची गप झाली ती परत रडलीच नाय."

दादूनं हात मागे घेतला. समर्थ आणखी मोठ्यानं रडला. दर्शना माझ्या शेजारी येऊन बसली, आणि गाडी येईपर्यंत आम्ही ते रडणं ऐकत राहिलो.