देवीला एकशे पाच ताप

"तुझा दीर गोळ्या घेतो," असं कालिंदीने मला गणपतीच्या आधीच सांगितलं होतं. कालिंदी माझी शाळेतली मैत्रीण, आता परळच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर. "मिल कंपाउंडमधल्या पबात दिसला. डोळ्यांच्या बाहुल्या केवढ्या मोठ्या झाल्या होत्या! विचार त्याला एकदा."

मी हसले. "आमचा निलेश? अगं, तो डोकेदुखीची गोळीसुद्धा आईला विचारून घेतो."

त्यानंतरच्या नवरात्रात अष्टमी रविवारी आली. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीच्या पटांगणात देवीपुढे आरती चालू होती. ऑक्टोबरचं ऊन कलूनही फरशी पोळत होती. तेवढ्यात दुपारच्या पार्टीतून निलेश आणि त्याचा मित्र रघु फाटकातून आत आले. निलेश घामाने निथळत होता. जबडा आवळलेला, दात करकर वाजत होते. ढोलाचा ठेका कानावर पडला मात्र, तो घुमायलाच लागला.

"माझ्या झिलाच्या आंगात देवी इली गो!" माझ्या सासूबाईंनी तिथेच लोटांगण घातलं.

चाळीतल्या अप्पांना एरवी पाण्याच्या भांडणातही कोणी विचारत नाही. आज ते देवीचे दुभाषे झाले. "शाल आणा! देवीला अशी उघडी ठेवता? धूप घाला! तहान लागलीय तिला, पाणी पाजा!"

शाल आली. शालीवर देवीची नऊवारी आली. तोंडाशी धुपाचे निखारे आले. तांब्यामागून तांब्या पाणी पोटात जात होतं आणि पन्नास माणसं हात जोडून रांगेत उभी होती.

निलेश दिसेल त्याला मिठी मारत होता. "तुम्ही सगळे माझे आहात... लव यू, काका... लव यू..."

"ऐकलंत? देवी म्हणते, सगळी लेकरं माझीच!" अप्पा गरजले.

"देवी लव यू म्हणते?" शेजारच्या वल्लरीने विचारलं.

"काळाप्रमाणे देवीही शिकते. तू गप ऱ्हव!"

मलाही हसू फुटणार होतं. तेवढ्यात निलेशने मला मिठी मारली आणि माझ्या कडेवरची दीड वर्षाची लेक किंचाळून मागे सरली. त्याचं अंग तव्यासारखं भाजत होतं. लेक झाल्यापासून मी थर्मामीटरशिवाय घराबाहेर पडत नाही, सगळे मला त्यावरून चिडवतात. मी तो पर्समधून काढला आणि निलेशच्या काखेत धरला.

"सूनबाई! देवीचा ताप बघतेस? कोप होईल!"

"अप्पा, देवीला एकशे पाच ताप आहे. त्यावर औषध काय, तेवढं विचारा तिला."

मी शाल ओढली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "पाप लागात गो!" रांगेतलं कोणी हललं नाही. लग्न कधी, नोकरी कधी, सगळ्यांचे प्रश्न अजून विचारायचे राहिले होते.

रघु खांबामागे पांढराफटक उभा होता. मी त्याची कॉलर धरली. "काय घेतलं त्याने?"

"काय नाय, वहिनी. हर्बल होतं. विकणारा बोलला, आयुर्वेदिक आहे, टेन्शन उतरतं, साइड इफेक्ट झिरो. पहिली चढेना म्हणून याने दुसरी घेतली." त्याने खिशातून गुलाबी गोळीचा तुकडा काढला. वर हसरा चेहरा छापलेला.

म्हणजे बुवा दोन होते. एक धोतरातला, एक गोळ्या विकणारा टी-शर्टातला. "काही होत नाही, विश्वास ठेव," एवढीच दोघांची पोथी.

माझ्या नवऱ्याने, राजेशने, तोवर १०८ला फोन केला होता. त्याने आणि मी निलेशला पंख्याखाली नेलं, कपडे सैल केले, अंगावर ओले पंचे टाकले. गाडीत बसेपर्यंत देवीचं बोलणं बंद पडलं आणि झटके सुरू झाले.

तो तुकडा मी कालिंदीच्या हॉस्पिटलात दिला. कालिंदीने सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, "काकू, या गोळीने अंगातली उष्णता आवरत नाही. बाहुल्या मोठ्या होतात, जबडा आवळतो, सगळ्या जगावर प्रेम येतं. त्यात तो दोन तास नाचला, वरून तुम्ही शाल घातली. गोळीमुळे लघवीही कमी होते. त्यावर इतकं पाणी पाजलं की रक्तातलं मीठ पातळ होऊन मेंदू सुजतो. आणि गोळीत आणखी काय काय होतं, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं."

निलेश वाचला. पण तापाने स्नायू झिजले, त्यांचा गाळ मूत्रपिंडात बसला. सव्वीस वर्षांचा मुलगा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. चाळ म्हणते, सुनेने देवी अर्ध्यावर उठवली, म्हणून किडन्या गेल्या. सासूबाई आता माझ्या हातचा चहा घेत नाहीत.

अप्पांवर मी हसते, पण माझीही एक अंधश्रद्धा होतीच. 'आपल्या घरातली मुलं असलं काही करत नाहीत.' तिला ना धूप लागला, ना ढोल. मी बी.ए. झालेली बाई तिला दीड महिना पुजत बसले.

तुमच्याही घरात एखादा गुणी, हसरा, पार्टीला जाणारा असेल. भाऊ, भाची, मैत्रीण. आज त्याच्याशेजारी बसा. ओरडू नका, ओरडलात तर तो खोटं बोलेल. काय घेतोस, कोणाकडून घेतोस, सोबत कोण असतं, एवढं विचारा. अंग तापलं, बोलणं भरकटलं, तर लगेच हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही, हेही त्याला सांगा. लांब राहत असेल तर फोन करा. हे वाचताना एक नाव मनात आलंच असेल. त्यालाच करा.