पाठमोरी

रीना सभेत बोलायला उभी राहिली आणि तिने सगळ्यांकडे पाठ फिरवली.

"अवं, हे का लावलं?" देवाजी चिडले. गावाची सभा तेच चालवायचे आणि त्यांना पाठ दाखवायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. "इकडे तोंड कर पोरी."

"तुमची तोंडं पाह्यली का माझे शब्द पळतेत," रीना गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सभाघराच्या, भिंतीला म्हणाली. "भिंतीसंगं बोलतो. तुम्ही ऐका."

कुणीतरी हसलं. मुलचेऱ्याच्या शिबिरात डॉक्टरीणबाईंनी रीनाला स्वमग्नता असल्याचं सांगितलं होतं, पण गावाने तिला त्याआधीच मुकी ठरवून टाकलं होतं. मुकी ती कधीच नव्हती. तिची आई मंगली तिच्याशी सावकाश बोलायची आणि उत्तराची वाट पाहायची. बाकीच्यांना एवढा धीर कुठला?

मंगली पावसाळ्यात वारली. आता मोहाची फुलं पडायला लागली होती आणि ती जिथे वेचायची त्या तिच्या झाडाचं काय करायचं, हा प्रश्न सभेपुढे होता. रीनाचा थोरला भाऊ सुरज म्हणाला होता, "झाड मले द्या. रीनाले आमच्या टोळीत नेतो. सगळ्यायच्या मधात राहील. वाघ फिरून राह्यला, भाऊ. एकटी कशी पाठवू?"

त्याचं काही खोटं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची बाई मोह वेचतानाच वाघाने नेली होती. तेव्हापासून माणसं घोळक्याने जायची, डबे बडवत, ओरडत. तो गोंगाट रीनाला सोसायचा नाही. परवाच ती कान दाबून जंगलात खाली बसली आणि भावजयीने तिला हाताला धरून घरी आणलं. हे झाड गेलं की तिच्या वाट्याला घरचा ओटाच उरणार होता.

"झाड आईचं होतं. आईसंगं मीच वेचलं," रीना म्हणाली. "आता माझं."

"अन् वाघ?" देवाजींनी विचारलं.

सुरज तोंड उघडणार तोच देवाजींनी हात वर केला. "थांब. तिले बोलू दे."

मंगलीने इतकी वर्षं जी वाट पाहिली, ती आज सगळ्या गावाला पाहावी लागली.

"मलेही भेव लागते," शेवटी रीना म्हणाली. "अंधारात जाणार नाई. ऊन आल्यावर जाईन. सुकरीकाकीचं झाड बाजूलेच आहे. तिनं मले पाहावं, मी तिले. पण बोलायचं नाई. डबा वाजवायचा नाई."

"मले चालते," मागून सुकरी म्हणाली. "तसंही दिवसभर बोलून थकतो बापा."

झाड रीनाचं, असं देवाजींनी सांगून टाकलं. सुरज मान खाली घालून निघून गेला आणि त्या दिवशी जेवलाही नाही. रीनाला फार वाईट वाटलं, पण तिने झाड परत दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ती टोपली घेऊन गेली. पलीकडे सुकरी वाकून वेचत होती. थोड्या वेळाने सुरज कुऱ्हाड घेऊन आला आणि लांबच थांबला.

"इथी उभा राहू का?" त्याने विचारलं. आजवर त्याने तिला काही विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

रीनाने बराच वेळ घेतला. तो थांबला.

"राहा," ती म्हणाली. "बोलू नको."

सुरजने मान हलवली आणि तिच्याकडे पाठ करून, जंगलाकडे तोंड करून तो उभा राहिला. रीना वाकली आणि आई ज्या बाजूने सुरुवात करायची, तिथून वेचायला लागली.