विरहाने रंग उडालेला कुत्रा

कुत्रा मालकाकडे धावला आणि अख्खा हॉल रडायला लागला.

जुन्या व्यायामशाळेच्या त्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांना माणसं लटकली होती. समोर लाकडी मंच, मंचावर जाड गादी, गादीवर शोधेश्वर महाराज. डोळे मिटलेले, पुढ्यात पाण्याने भरलेलं तांब्याचं पातेलं. चेल्याने पडद्याआडून एक काळा कुत्रा आणून सोडला होता. कुत्र्याने नाक वर करून वास घेतला आणि बाकीच्या शेकडो माणसांकडे ढुंकूनही न बघता तो थेट एका बसड्रायव्हरच्या छातीवर चढला. ड्रायव्हर हुंदके देत होता, कुत्रा त्याचे कान चाटत होता.

"एवढ्या गर्दीत त्याने आपला मालक कसा ओळखला?" चेला माइकवर गरजला. "सांगा, कसा ओळखला?"

"महाराजांची कृपा!" हॉल दणाणला.

"कुत्रा आहे म्हणून ओळखला," मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली डॉक्टरीण पुटपुटली.

"तू गप्प बस," तिच्या सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

ही डॉक्टरीण जनावरांची. व्यायामशाळेला लागूनच तिचं घर आणि घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना. दिवसभर कुत्र्यांचे दात, मांजरांचे कान आणि पोपटांच्या चोची तिच्या हाताखालून जात. आणि तिच्याच घरातली मांजर हरवल्यावर सासूबाई तिला धरून महाराजांकडे घेऊन आल्या होत्या!

मांजरीचं नाव ठमी. वयाने म्हातारी, रंगाने राखाडी, मुक्काम सासूबाईंच्या मांडीवर. परसाच्या भिंतीपलीकडचं जग तिने कधी पाहिलं नव्हतं. पण महाराजांचं सामान हॉलमध्ये उतरत असताना कुणीतरी कर्ण्यावर "हॅलो, हॅलो" केलं, आणि भिंतीवर ऊन खात बसलेली ठमी उडालीच. कुठे गेली ते कुणालाच दिसलं नाही.

महाराजांनी सासूबाईंसाठी पातेल्यात डोकावून पाहिलं. "दिसली, माई. अंधार आहे. जवळ पाणी आहे. कुणीतरी माणूसही आहे. ती तुमची आठवण काढतेय."

सासूबाईंना रडू फुटलं. डॉक्टरीण मात्र मनाशी विचार करत होती, की जवळ अंधार, पाणी आणि माणूस नाही अशी एखादी तरी जागा या गावात असेल का?

"पश्चिमेला नदीकाठी आहे," महाराज पुढे म्हणाले. "माझे अदृश्य दूत निघालेत. तुमचा एक न धुतलेला कपडा द्या, आणि मांजर शेवटची कुठे दिसली तो पत्ता."

"अदृश्य दूतांना पत्ता कशाला लागतो?" डॉक्टरिणीने विचारलं.

"गाव नवीन आहे त्यांना," चेला फटकन म्हणाला.

"आणि एक लक्षात ठेवा," महाराजांनी बोट उचललं. "तुम्ही शोधायचं नाही. हाक मारायची नाही. मालकाने शोध घेतला, की दूतांचा धागा तुटतो!"

दूत होते याचा पुरावाही मंचावर मांडलेला होता. रोज रात्री त्यांच्यासाठी दुधाची वाटी ठेवायची आणि हॉलला कुलूप लावायचं. सकाळी वाटी चाटूनपुसून लख्ख! लोक त्या रिकाम्या वाटीच्या पाया पडत. एक आजोबा तर तिला नातवाचं लग्न कधी जुळेल ते विचारून गेले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, तर सून विजेरी घेऊन ओट्याखाली पालथी पडलेली.

"काय करतेस?"

"पेन पडलं, आई."

"आणि पेनाला 'ठमे, ठमे' म्हणून हाक मारतेस?"

डॉक्टरीण कपडे झटकत उठली. "आई, ऐका माझं. घाबरलेली मांजर नदीकाठी फिरायला जात नाही. ती जवळच्याच एखाद्या सांदीत घुसते आणि हूं की चूं करत नाही. शेजारपाजारच्या बंद खोल्या उघडून बघायला हव्यात. वेळ घालवला तर उपाशी मरेल ती."

"तुझ्या हाताखालून हजार मांजरं गेली असतील," सासूबाई म्हणाल्या, "पण ठमी माझी एकच आहे. आपण शोधलं, धागा तुटला आणि ती आलीच नाही, तर मी काय करू?"

हे म्हणताना त्यांचा आवाज असा फाटला, की डॉक्टरिणीच्या जिभेवर आलेलं सगळं शास्त्र तिथेच राहिलं. त्यांना काही महाराज आवडले नव्हते. त्यांना भीती वाटत होती. त्या भीतीवरच त्या माणसाची गादी एवढी फुगलेली होती.

तरी तिने गुपचूप आजूबाजूची सगळी घरं पालथी घातली. माळे पाहिले, पडव्या पाहिल्या, गॅरेजं उघडायला लावली. राहिला फक्त हॉल. तिथे चेला आडवा आला. "मंच पवित्र आहे. फक्त ज्यांचं जनावर हरवलंय, त्यांनाच पुढे यायला मिळेल."

"माझं कुठे सापडलंय?"

"मांजर माईंच्या नावावर आहे. तुमचं स्वतःचं?"

डॉक्टरीण घरी गेली आणि नवऱ्याचा एक मोजा घेऊन परत आली. "माझा कुत्रा हरवलाय. पांढराशुभ्र. शेपूट नाही. नाव शिरस्तेदार."

तिने जन्मात कुत्रा पाळला नव्हता.

पुढच्या बैठकीला ती अगदी मंचाला खेटून बसली. महाराजांनी पातेलं हलवलं, डोळे फिरवले. "शिरस्तेदार! डोंगरांपलीकडून आणलाय त्याला माझ्या दूतांनी. आण रे!"

चेल्याने कुत्रा आणला. तांबडा, आणि शेपूट चांगली हातभर. तो बसला आणि कान खाजवायला लागला.

"महाराज, हा तांबडा आहे. माझा पांढरा होता."

"विरहाने रंग उडालाय," महाराज शांतपणे म्हणाले.

"याला शेपूट आहे."

"विरहात वाढते."

"खरंय," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बायको माहेरी गेली तेव्हा माझी दाढी वाढली होती."

"महाराज," डॉक्टरीण उभी राहिली, "मी कुत्रा पाळलेलाच नाही. आयुष्यात कधीच नाही."

महाराजांनी एक डोळा उघडला.

"या जन्मी," ते म्हणाले.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की कुत्रा दचकून डॉक्टरिणीच्याच पायांत शिरला. "ओळखलं, ओळखलं!" लोक ओरडले.

"ओळखणारच!" तिने आवाज चढवला. "याच्या मांडीवरचे हे टाके मीच घातलेत! नगरपालिकेच्या निवाऱ्यात. चुकलेली, भटकी जनावरं तिथे आणून ठेवतात, आणि हा तिथलाच आहे. डोंगरापलीकडचा कसला, बसस्टँडच्या मागचा!"

"खाली बसा!" लोक खवळले. फक्त बसड्रायव्हर आपल्या काळ्या कुत्र्याकडे विचारात पडल्यासारखा पाहत राहिला.

महाराजांनी संधी साधली. चेहरा दुःखी करून ते सासूबाईंना म्हणाले, "माई, दूत ठमीला घेऊन पुलापर्यंत आले होते हो. पण सुनेने शंका घेतली. धागा तुटला. ठमी आता येणार नाही."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही, महाराजांकडेही नाही. हाक मारायची नाही, दूत, धागा, सगळं त्या विसरल्या. परसाच्या दारात उभ्या राहून मारत तशी त्यांनी हाक मारली. "ठमेऽऽ! ये गं राणी! ठमेऽऽ!"

"म्यांव."

अगदी बारीक. आणि महाराजांच्या बाजूने.

सगळ्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनीही स्वतःकडे पाहिलं.

आधी भानावर आला चेला. "महाराजांच्या नाभीतून बोलतेय! थेट नदीकाठावरून!"

लोकांनी हात जोडले. महाराजांनी पोट जरा पुढे काढलं.

"कुठे आहेस गं ठमे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्यांव," नाभी म्हणाली.

"महाराज, जरा उठता का?" डॉक्टरीण म्हणाली.

"समाधीतून उठलो, तर मांजर नदीत पडेल!"

"म्यांव!"

सासूबाई मंचावर चढल्या, कमरेवर हात ठेवून महाराजांसमोर उभ्या राहिल्या आणि कडाडल्या, "ऊठ की मेल्या! माझ्या मांजरावर बसलायस!"

महाराज उठले. कुणीही उठलं असतं.

चेला मंचाची फळी उचकटायला धावला तशी डॉक्टरीण ओरडली, "थांबा! हात लावू नका. ती घाबरून उधळेल, चावेल. एकदा दाराबाहेर गेली, की मग खरंच सापडायची नाही. दारं लावा, खिडक्या लावा, तो कर्णा बंद करा, कुत्र्यांना मागच्या भिंतीपाशी धरून ठेवा. सगळ्यांनी खाली बसा आणि कुणी शब्दही काढू नका."

तिने घरून वेताची पेटी मागवली आणि मंचाच्या खालच्या फटीसमोर दार उघडं करून ठेवली. सासूबाईंनी अंगावरची शाल फटीपाशी पसरली आणि तिकडे न बघता, एका अंगाला वळून बसून राहिल्या. इतके दिवस महाराज लोकांना ध्यान करायला सांगत होते. त्या हॉलमध्ये खरं ध्यान लागलं ते त्या दिवशी. शेकडो माणसं श्वास रोखून एका फटीकडे पाहत होती.

बऱ्याच वेळाने फटीतून धुळीने माखलेलं नाक बाहेर आलं. मग मिशा. मिशांना दुधाचे वाळलेले थेंब. ठमीने शाल हुंगली, महाराजांच्या रिकाम्या गादीकडे एकदा तुच्छतेने पाहिलं आणि सासूबाईंच्या मांडीवर चढली. सासूबाईंनी तिला घट्ट धरलं नाही. फक्त पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि टपटप रडत राहिल्या. डॉक्टरिणीने अलगद तिला शालीसकट पेटीत सरकवलं आणि दार लावलं.

"अरे," खिडकीखालून कुणीतरी म्हणालं, "दूतांच्या मिशांना दूध लागलंय!"

मग जो हशा पिकला, त्यात महाराजांचं "मीच तिला ओढून आसनाखाली आणली" हे वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही.

हसू ओसरल्यावर बसड्रायव्हरने विचारलं, "मग माझा कुत्रा कसा सापडला?"

"तुम्ही निवाऱ्यात जाऊन पाहिलं होतं?" डॉक्टरिणीने विचारलं.

"नाही. महाराजांनी शोधायचं नाही म्हणून सांगितलं होतं."

"म्हणूनच सांगितलं होतं! तुम्ही गेला असतात तर तो तुम्हालाच मिळाला असता. निवाऱ्याच्या रखवालदाराला विचारा, यांचे चेले रोज सकाळी तिथे चक्कर मारतात आणि 'मी मालक' म्हणून तुमचीच जनावरं घेऊन येतात. निवाऱ्यात नसलं, तर जनावर हरवलं तिथे तुमचा न धुतलेला कपडा टाकतात. ओळखीच्या वासाने ते बरेचदा परत येतं, की हे उचलतात. कपडा तुमचा, नाक कुत्र्याचं. महाराजांचं फक्त पातेलं. आणि जे सापडत नाही, त्याचं खापर तुमच्या शंकेवर!"

ड्रायव्हर उठला, मंचावर गेला आणि पातेल्यातलं पाणी आपल्या कुत्र्यापुढे ठेवलं. कुत्र्याने ते लपलप पिऊन टाकलं.

महाराजांनी दुसऱ्याच दिवशी गाव सोडलं. शिरस्तेदार मात्र गेला नाही. टाके काढायला म्हणून घरी आणला, तो तिथेच राहिला. ठमी त्याला रोज एकदा थोबाडीत मारते.

पण माणसांची खोड एवढ्याने जात नाही. आठवडा उलटायच्या आत एक बाई डॉक्टरिणीच्या दारात आली. दवाखान्याकडे पाठ फिरवून ती सासूबाईंसमोर वाकली. "आजी, तुमच्या हाकेत शक्ती आहे म्हणतात. माझा बोका हरवलाय. एक हाक मारा हो!"

डॉक्टरीण दारातून पाहत राहिली. सासूबाईंनी झटकन पाय मागे घेतले.

"कधीपासून दिसत नाही?"

"सकाळपासून."

"आणि तू इथे माझ्या पाया पडत बसलीस? अगं, माझ्या हाकेला माझी मांजर आली, कारण तिला माझा आवाज माहीत आहे. तुझा बोका तुझाच आवाज ओळखणार. शक्ती कसली डोंबलाची! आधी घरातली कपाटं बघ, मग शेजाऱ्यांच्या बंद खोल्या उघडायला लाव. विजेरी घे, अंधारात डोळे चमकतात. दिसला तर पाठलाग करू नकोस, खाली बसून राहा. निवाऱ्यात रोज जा, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आणि कुणी 'शोधू नकोस' म्हणालं, तर त्याला विचार, का नको? उत्तर मिळेपर्यंत विचार."

बाई बावरून उभीच राहिली. सासूबाईंनी विजेरी उचलली आणि चपला पायात सरकवल्या.

"चल, मीही येते. हाक तू मार. मी पलंगाखाली बघते."